अहो नावाची बुरशी

माझी बायको बुरशीची डॉक्टर होती. हे सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारायचे. एक, बुरशीला कशाला हवा डॉक्टर? आणि दुसरा, मग तुमच्या लोणच्याला बुरशी लागत नसेल? लागायची. इतरांच्या लोणच्याला लागते तशीच लागायची. इतर घरांत ती बघून चुकचुकतात. आमच्याकडे ललिता बरणी खिडकीशी नेऊन उजेडात बघत उभी राहायची आणि मी ताट पुढ्यात घेऊन लोणच्याशिवाय जेवायचो.

मी पीएमटीत होतो. आधी कंडक्टर, शेवटी स्वारगेटला कंट्रोलर. लग्न झालं तेव्हा ती बी.एस्सी.ला होती आणि मी मॅट्रिक. पुढे ती शिकत गेली, मी तिकिटं फाडत गेलो. ती मला अहो म्हणायची, कारण तशी पद्धत. ती डॉक्टर झाली त्या दिवशी मी गमतीने तिला अहो म्हटलं, आणि ते तसंच राहिलं. डेपोत हे कळल्यावर सगळ्यांना विषय मिळाला.

"काय ओव्हाळ, घरी पाय कोण कोणाचे चेपतं?"

"ज्याचे दुखतात त्याचे," मी म्हणायचो.

तर आमच्या घरात दोघंही अहो. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. मला तसं लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं ते शोकसभेत पोटभर बोलून गेले. मी लिहितोय ते तिच्या मागे राहिलेल्या एका नावाबद्दल.

मंडईच्या बाहेर लोक भाजलेली कणसं खाऊन फेकतात. पावसाळी हवेत त्यावर नारिंगी पूड उठते. ती पूड म्हणजे ललिताची बुरशी. आपण नाकाला रुमाल लावून जातो तिथे ती वाकून उभी राहायची आणि पर्समधून डबी काढायची. कणीसवाली एकदा मला म्हणाली, "दादा, ताईंना एक चांगलं कणीस घेऊन द्या की."

त्या बुरशीत एवढं काय आहे, असं मी एकदा जेवताना विचारलं. तिने ताटातली शेव घेतली आणि दोन काड्या समोरासमोर ठेवल्या.

"अहो, हे बघा. बुरशीचं बी रुजलं की त्याला कोंब फुटतो. दोन कोंब जवळ असले की ते एकमेकांकडे वळतात. टोकाला टोक लागतं, मधली भिंत विरघळते आणि दोघांचा एक जीव होतो. मग आतला रस इकडून तिकडे वाहतो. असे हजारो कोंब जोडले जातात, तेव्हा कुठे बुरशीचं जाळं तयार होतं."

"त्यांना ना डोळे, ना कान. शेजारी कोण आहे ते कळतं कसं?"

"हाक मारतात. एक कोंब टोकातून काहीतरी रसायन सोडतो. ते दुसऱ्याला पोचलं की त्याच्या आत निरोप पळायला लागतो. एक प्रथिन दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी कोंबाला हुकूम मिळतो, की वळ तिकडे."

"आणि दोघांनी एकदम हाक मारली तर?"

ती खूश झाली. मी बरोबर प्रश्न विचारला की ती अशी खूश व्हायची. हे फार वेळा झालं नाही.

"नाही मारत! नंबर लावतात. एक हाक मारतो तेव्हा दुसरा नुसता ऐकतो. काही मिनिटांनी अदलाबदल. हाक मारणारी यंत्रणा वेगळी, ऐकणारी वेगळी, आणि टोकाशी एका वेळी एकच कामाला असते. परदेशातल्या लोकांनी हे नुकतंच दाखवून दिलंय. कारण दोघंही सारखेच, हाकही तीच. एकदम ओरडले तर प्रत्येकाला आपलाच आवाज ऐकू येणार. आपल्याच हाकेला आपणच ओ देत बसणार."

"म्हणजे पुण्यासारखं."

"पुण्यात ओ कोण देतं?" ती म्हणाली आणि दोन्ही शेवा खाऊन टाकल्या.

त्याच वेळी आमचा मुलगा अभय गॅलरीत फोनवर होता. हिंजवडीत असतो. त्याच्या कंपनीचं आणि एका अमेरिकन कंपनीचं तेव्हा विलीनीकरण चाललं होतं, आणि ते बहुतेक आमच्या गॅलरीतच चाललं असावं. "सॉरी, गो अहेड," अभय म्हणायचा. तिकडचाही तेच म्हणत असावा, कारण मग दोघंही गप्प. मग दोघंही एकदम सुरू. मग पुन्हा, "सॉरी, सॉरी, यू गो अहेड."

"याला पण नंबर लावायला शिकवा कोणीतरी," ललिता म्हणाली.

पुढे तिला एक बिघडलेली जात सापडली. एका जनुकात खोट, त्यामुळे कोंब सारखे हाकाच मारत सुटायचे. ऐकणाऱ्या यंत्रणेला नंबरच मिळायचा नाही. दोन कोंब शेजारी शेजारी वाढायचे, एकमेकांना घासून पुढे जायचे, पण जुळायचे नाहीत. जाळं व्हायचंच नाही. नुसत्या झिपऱ्या.

जनुक ज्याला सापडतं त्याने त्याचं नाव ठेवायचं, अशी या लोकांत पद्धत आहे. इंग्रजी तीन अक्षरं. तिने ठेवलं ए, एच, ओ. अहो.

"माझ्यावरून?" मी विचारलं.

"छे हो. आमच्या खासनीस सरांवरून. प्रत्येक वाक्याला अहो, आणि समोरच्याचं एक अक्षर कानात शिरत नाही. कुठे बोलू नका."

डॉ. दिगंबर खासनीस म्हणजे तिच्या संस्थेचे संचालक. मी कुठे बोललो नाही.

ती गेल्यावर तो शोधनिबंध पूर्वाने पुरा करायला घेतला. पूर्वा म्हणजे ललिताची शेवटची विद्यार्थिनी. मुलगी हुशार, कष्टाळू आणि घाबरट. स्मृतिदिन जवळ आला होता तेव्हा ती एका संध्याकाळी कोथरूडला घरी आली. चहा दिला तर नुसता कप फिरवत बसली.

"काका, सर नाव चेंज करतायत."

"कोणाचं?"

"आपल्या जीनचं. म्हणतात, अहो फार घरगुती वाटतं. इंटरनॅशनल जर्नल आहे, डिग्निटी पाहिजे. त्यांनी डी, आय, जी सुचवलंय. डिग."

"डिग म्हणजे?"

"ड्युअल इनिशिएशन ऑफ जर्मलिंग्ज. म्हणजे दोन कोंबांनी एकदम सुरू होणं, असं काहीतरी."

मी मनातल्या मनात इंग्रजीत दिगंबर लिहून बघितलं. "हे त्यांच्या नावातलं डिग का?"

"तो योगायोग आहे म्हणे."

"कोण म्हणे?"

"सर."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काका, माझ्या थिसिसवर त्यांची सही लागते. पेपरवर पण लागते. स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात ते नाव अनाउन्स करणार, आणि मग पेपर जाणार. एकदा छापलं की संपलं."

"नाव कोणावरून आहे, हे तुला माहीत आहे ना?"

"आहे," ती म्हणाली आणि खाली बघून हसली. मला वाटलं, सरांच्या धाकाने नाव घेत नाही.

पूर्वा निघून गेल्यावर मी विचार करत बसलो. आमच्या भागात बाकड्यावरही दोन नावं असतात. मेलेल्या माणसाचं बारीक, आणि ज्यांच्या सौजन्याने बाकडं आलं त्या नगरसेवकाचं ठळक. ललिताला बाकडंही नको होतं. तिने स्वतः ठेवलेली तीन अक्षरं होती, तीही आता सौजन्यात चालली होती. आणि खरं सांगायचं तर तो शब्द आता आमच्या घरात मला कोणी म्हणत नव्हतं. मोबाइलवर म्हणतात, "अहो, तुमचं लाइट बिल राहिलंय," ते वेगळं. निदान बुरशीकडे तरी तो राहावा, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेलो. पूर्वी तिथे फॉर्मलिनचा वास यायचा, आता एसीचा येतो. ललिताच्या खोलीत संगणकांची रांग लागली होती. बुरशी वाढवत बसायचे दिवस गेले, आता सगळं पडद्यावर, असं शिपाई मला अभिमानाने सांगत होता. त्या पडद्यावर क्रिकेटचा स्कोअर होता.

"या, या, अहो सुखदेवराव!" खासनीस सर उठून उभे राहिले. "अहो, बसा. चहा घेणार ना? घेणारच. अहो, ललिताबाई गेल्या आणि संस्थेचा एक खांबच..."

"सर, मी त्या नावाबद्दल..."

"अहो, खांबच म्हणतोय मी. शेवटपर्यंत सारख्या म्हणायच्या, सूक्ष्मदर्शक नवा हवा, नवा हवा. अहो, मी म्हटलं, बजेट येऊ द्या. आणि बघा, या वर्षी आला."

"हो. ती गेल्यावर."

"अहो, तेच म्हणतोय. वेळ यावी लागते. आणि त्या कुठल्या परिस्थितीतून आल्या! अहो, मी सगळ्यांना त्यांचं उदाहरण देतो. आता स्मृतिदिनालाही देणार आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं. अहो, शाल आहे तुम्हाला."

"शाल नको सर, नाव..."

"अहो, नको कशी? आणलीय."

कंडक्टरला एक गोष्ट शिकावीच लागते. भरल्या गाडीत बोलत सुटलेल्या माणसावर ओरडून उपयोग नसतो. तो श्वास घेईपर्यंत थांबायचं. माणूस कितीही मोठा असो, श्वास त्यालाही लागतो. मी गप्प बसलो. सर माझ्याकडे बघून ललिताबद्दल बोलत राहिले आणि त्यात ललिता कुठेच नव्हती. मग चहा आला. कडक गरम होता. सरांनी कप तोंडाला लावला.

"सर," मी म्हटलं, "अहो हे नाव तिने तुमच्यावरून ठेवलंय."

कप तिथेच राहिला.

"माझ्यावरून?" सर म्हणाले. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला विचारलेला आणि उत्तरासाठी थांबलेला हा पहिला प्रश्न.

"तुम्ही सगळ्यांना अहो म्हणता ना. अगदी शिपायालासुद्धा. ती घरी नेहमी सांगायची."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ती नेहमीच सांगायची. फक्त सूर वेगळा असायचा.

सरांनी कप खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, पण चहा खरंच गरम होता.

"अहो, पण मग मला कधी बोलल्या नाहीत त्या!"

"प्रयत्न केला असेल, सर."

"अहो, किती मोठं मन! आणि किती सखोल! संस्कृतातही अहो म्हणजे विस्मय. निसर्गाचा विस्मय! अहो, आणि मी ते बदलायला निघालो होतो. नाही नाही, डिग रद्द. डिग म्हणजे काय, महापालिकेच्या खोदकामासारखं वाटतं. मी स्वतः सांगतो कार्यक्रमात, नावामागची कथा."

मला वाटलं होतं, नाव टिकलं की झालं. कथा ते स्वतः सांगतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "कथा कशाला, सर? नाव राहिलं, बास."

"अहो, असं कसं!" सर म्हणाले. श्वास घेऊन झाला होता.

त्यांनी निबंधाचं पहिलं पान वाचलं असतं तरी सगळा घोटाळा कळला असता. बिघडलेली जात काय करते, ते तिथेच लिहिलं होतं. पण वाचणं हाही एक प्रकारचा ऐकण्याचाच भाग आहे.

स्मृतिदिनाला सभागृह भरलं होतं. अभय रजा काढून आला होता आणि फोन बंद करून बसला होता, हे मी मुद्दाम नोंदवतो. आधी पूर्वा बोलली. आवाज कापत होता, पण पडद्यावर चित्र आलं तशी ती सावरली. चित्रात दोन कोंब होते, एकमेकांना चिकटून, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

"हा अहो म्युटंट," ती म्हणाली. "हा सतत सिग्नल पाठवत राहतो. पण समोरून आलेला सिग्नल घ्यायची त्याची क्षमताच नाही. त्याला बहुधा फक्त स्वतःचाच सिग्नल ऐकू येतो. त्यामुळे तो कोणाशीही जोडला जाऊ शकत नाही, आणि सगळ्या वसाहतीची वाढ खुंटते."

लोकांनी माना डोलावल्या. शास्त्रज्ञ मंडळी, त्यांना कळलं.

मग खासनीस सर उठले. पडद्यावरचं चित्र तसंच राहिलं होतं, ते बरोबर त्याच्या खाली उभे राहिले. ललिताबाई परिस्थितीवर मात करून कशा पुढे आल्या, ते त्यांनी सांगितलं. परिस्थिती म्हणजे काय, ते सभागृहात सगळ्यांना कळतं, म्हणून तो शब्द वापरतात. तिच्या परिस्थितीतला बराच भाग खुद्द सरच होते, हेही बऱ्याच जणांना माहीत होतं.

"अहो, आणि आता एक हृद्य गोष्ट," सर म्हणाले. "या जनुकाला अहो हे नाव का दिलं? अहो, त्यांनी जिवंतपणी ते कोणाला सांगितलं नाही. पण त्यांच्या यजमानांनी मला सांगितलं. हे नाव त्यांनी माझ्यावरून ठेवलंय!"

आधी काहीच झालं नाही. मग तिसऱ्या रांगेत सरोजिनीबाई होत्या, ललिताच्या जुन्या सहकारी, निवृत्त झालेल्या, त्यांना खोकल्याची उबळ आली. ती त्यांच्या शेजारणीला लागली. मग ती मागे मागे पसरत गेली. निरोप कसा पळतो, एक दुसऱ्याला कसं उठवतं, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

"अहो, पाणी द्या कोणीतरी त्यांना," सर म्हणाले. "अहो, हवा बदलतेय. तर मी सांगत होतो, माझ्यावरून..."

शेवटी टाळ्या इतक्या वाजल्या की सर दोनदा उठून उभे राहिले. मला शाल मिळाली. सरांनी सगळ्यांदेखत निबंधावर सही केली. अहो कायम झाला. जगात जो कोणी ही बुरशी वाढवेल त्याला आता अहो म्हणावं लागणार, मग तो जपानी असो की जर्मन.

बाहेर गाड्यांच्या इथे पूर्वा धावत आली.

"काका! सर म्हणाले ते खरं?"

"म्हणजे? तुला तर माहीत होतं."

"मला वेगळंच माहीत होतं." ती अभयकडे बघून जरा अडखळली. "मॅडम म्हणाल्या होत्या, ते तुमच्यावरून आहे."

"माझ्यावरून?"

"तुम्ही म्हणे दारातून अहो म्हणता आणि ओ यायच्या आत सुरू करता. चप्पल काढून होईपर्यंत हडपसरची गाडी ब्रेकडाऊन झालेली असते आणि मॅडमची ओ घशातच असते. मला म्हणाल्या, काकांना बोलू नकोस."

"काहीही," अभय म्हणाला. "ते माझ्यावरून आहे. माझ्या कॉल्सवरून. आईने मला स्वतः सांगितलंय. आणि बाबांना सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती."

मग तिघंही एकदम बोलायला लागलो आणि एकदम थांबलो.

"काका, तुम्ही बोला."

"नाही, तू बोल."

"बाबा, गो अहेड."

पूर्वा हसता हसता रडायला लागली. अभयने चष्मा काढून पुसला. मला सरांची दया आली. एवढ्या लोकांत मान मिळाला असं वाटत होतं बिचाऱ्यांना, आणि तोही तिघांत वाटून घ्यावा लागला. तिघांतच कशाला? शिपाई, कणीसवाली, सरोजिनीबाई, ती आणखी कोणाकोणाला काय सांगून गेली असेल, काय माहीत. यातलं खरं कुठलं, ते तिलाच विचारायला हवं होतं.

घरी आलो. अभय खाली गाडी लावत होता. कुलूप काढलं, शाल खुर्चीवर टाकली आणि चप्पल काढता काढता सवयीने तोंडातून गेलं, "अहो..."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सर चित्राखाली कसे उभे होते, खोकला कसा पसरला, पूर्वा कशी धीटपणे बोलली. सगळं जिभेवर आलं होतं. पण मी थांबलो. एक चप्पल पायात तशीच राहिली.

आता नंबर तिचा होता.